नागपुरातले तलाव, बोड्या आणि राखीव जमिनी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराजवळ तलाव, शेतात बोडी (लहान तळं) किंवा ले-आउटमागे झुडपी रान असलेले लोक आमच्या रहिवासी गटाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कोर्टात जायची वेळ आली तर वकील गाठावाच लागेल. पण वकिलाकडे जाण्याआधी हातात काय असावं, हे इथे कळेल.

तलावांवर लक्ष ठेवणारा एखादा आयोग नागपुरात आहे का? तिथे एक अर्ज दिला की काम झालं, असं काही?

नाही. असं एक टेबल असतं तर या पानाची गरजच पडली नसती.

राज्य पातळीवर पाणथळ प्राधिकरण आहे. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनुसार पर्यावरण किंवा वन खात्याचे मंत्री त्याचे अध्यक्ष आणि मुख्य सचिव उपाध्यक्ष असतात. पाणथळ जागांची यादी करणं, कोणती अधिसूचित करायची याची शिफारस करणं आणि तिथे काय चालेल, काय चालणार नाही हे ठरवणं ही त्यांची कामं. तुमच्या गल्लीमागच्या तलावात मुरूम पडतोय का, हे पाहायला त्यांचा माणूस येत नाही. जिल्ह्यात हा विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो.

प्रत्यक्ष कारभार मात्र वाटलेला आहे. शहरातले बरेच तलाव महापालिकेकडे. काही ठिकाणी जमीन नझूलची (म्हणजे सरकारी), काही ठिकाणी नागपूर सुधार प्रन्यासची, कुठे कृषी विद्यापीठाची. शहराबाहेर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जिल्हा परिषद, जलसंपदा. रान असेल तर वन विभाग किंवा वन विकास महामंडळ. पाणी नासलं तर प्रदूषण नियंत्रण मंडळ, मासे धरायचे तर मत्स्यव्यवसाय विभाग. पाणी एकाचं, पाळ (बांध) दुसऱ्याची, मासे तिसऱ्याचे आणि काठची जमीन चौथ्याची, अशीही स्थिती असते. म्हणून तक्रार फिरत राहते आणि प्रत्येक कार्यालय खरंच बोलत असतं की ‘हे आमच्याकडे येत नाही’.

मग सुरुवात कुठून करायची?

मौजा (महसुली गाव) आणि खसरा (भूमापन) क्रमांकापासून. तलावाचं नाव नंतर.

अर्ज ‘सोनेगाव तलावाजवळ अतिक्रमण’ अशा शब्दांत गेला तर तो नावावरच अडतो. ‘मौजा अमुक, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) अमुक, खसरा क्रमांक अमुक, उत्तरेकडचा काठ’ असं लिहिलं की तलाठी, भूमापक, नगररचना कोणालाच टाळता येत नाही, कारण मालक कोण हे त्या आकड्याला चिकटलेलं असतं. ग्रामीण भागात सातबारा आणि गावनकाशा पाहा. शहरात नगर भूमापन कार्यालयातून आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि शीटचा नकाशा काढा. सातबारा आणि नकाशे आता ऑनलाइनही दिसतात. पण कागद पुढे द्यायचा असेल तर सही-शिक्क्याची प्रत लागते.

सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं, तिथे वर्ग पाहा. ‘पोटखराब ब’ म्हणजे सार्वजनिक कामासाठी असलेली जागा : रस्ता, नाला, तलाव. ही नोंद तुमच्या बाजूची आहे. विदर्भात आणखी दोन जुने कागद हाती लागतात, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये त्यांचा उल्लेख आहे. गावाने कोणत्या तलावावर गुरं न्यायची, कुठून पाणी घ्यायचं, मासे कुणी धरायचे, हे त्यात असतं. आमच्या अनुभवात चांगल्या छायाचित्रांपेक्षा निस्तार पत्रकाची एक नक्कल जास्त वजनदार ठरते, आणि ती मागायला फार थोडे लोक जातात.

आमचा तलाव कायद्याने ‘पाणथळ’ ठरतो का?

नागपूरपुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा उत्तर अवघड आहे.

२६ सप्टेंबर २०१७ च्या नियमांत पाणथळ जागेची व्याख्या मोठी आहे : नैसर्गिक किंवा कृत्रिम, कायमची किंवा हंगामी, साचलेलं किंवा वाहतं पाणी, दलदल. पण पुढेच अपवाद आहेत. नदीचं पात्र, भाताची शेतं, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, तसंच मत्स्यपालन, मिठागरं, करमणूक आणि सिंचन यांसाठी बांधलेल्या रचना या व्याख्येत येत नाहीत.

आता आपले तलाव पाहा. गांधीसागर म्हणजे जुम्मा तलाव गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातला. फुटाळा भोसलेकालीन. अंबाझरी १८७० च्या सुमारास शहराला पाणी देण्यासाठी झाला, गोरेवाडा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच कामासाठी. सगळे माणसाने पाळ घालून अडवलेले. अपवादांची यादी वाचली की अर्धं नागपूर तिथेच बाहेर पडतं.

फुटाळ्यातलं संगीत कारंजं, प्रेक्षकांसाठीची बैठकव्यवस्था आणि इतर कामांवरून जो वाद कोर्टात गेला, तो याच मुद्द्यावर. नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की फुटाळा मानवनिर्मित आहे, त्यामुळे तो या नियमांतल्या व्याख्येत बसत नाही.

म्हणजे मानवनिर्मित तलावात काहीही केलं तरी चालतं?

अजिबात नाही. या निकालाची अर्धीच बातमी लोकांच्या लक्षात राहिली आणि काहींनी ती सोयीने वापरलीही.

उच्च न्यायालयाने फुटाळ्यात कायमस्वरूपी बांधकाम होऊ नये आणि तलावाची स्वच्छता व जलचर जपले जावेत, अशा सूचना दिल्या होत्या. त्या कायम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणात असंही म्हटलं की सार्वजनिक विश्वस्ततेचं तत्त्व निसर्गातून माणसाने घडवलेल्या जलाशयांनाही लागू होतं. म्हणजे सरकार किंवा महापालिका अशा तलावाची विश्वस्त आहे. तलाव तिने लोकांसाठी सांभाळायचा आहे.

त्याआधीचेही निकाल उपयोगाचे आहेत. हिंचलाल तिवारी प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्याची जमीन घरांसाठी वाटायला मनाई केली. जगपाल सिंग प्रकरणात (२०११) गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलं.

शिवाय रोजचे कायदे आहेतच. सरकारी जमिनीवर अतिक्रमण झालं तर महसूल संहितेचं कलम ५०. विनापरवाना मुरूम काढला तर कलम ४८(७), ज्यात बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. परवानगीशिवाय बांधकाम केलं तर नगररचना कायद्याच्या नोटिसा. सांडपाणी सोडलं तर १९७४ चा जल कायदा. तलाव वारसा यादीत असेल तर वारसा संवर्धन समितीची मंजुरी. ‘पाणथळ आहे की नाही’ यावर दोन वर्षं भांडण्यापेक्षा यातलं एक कलम नेमकं लावलेलं बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक बारीक गोष्ट मात्र वकिलाला जरूर विचारा. अपवाद ‘खास’ पिण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेल्या तलावांना आहे. गुरांसाठी, धुण्यासाठी, निस्तारासाठी असलेला गावतलाव त्या यादीत शब्दशः नाही. तलाव कशासाठी बांधला हे जुन्या कागदावरून दाखवता आलं तर युक्तिवादाला जागा राहते.

पाणथळ म्हणून अधिसूचना निघाली तर काय काय बंद होतं?

जागेचा दुसऱ्या कामासाठी वापर आणि कोणतंही अतिक्रमण. नवा उद्योग किंवा जुन्याचा विस्तार. बांधकामाचा मलबा, घनकचरा किंवा घातक पदार्थ टाकणं. शहर, गाव, कारखाना यांचं प्रक्रिया न केलेलं पाणी सोडणं. शिकार. आणि दहा वर्षांतल्या पुराच्या सरासरी उच्च पातळीपासून ५० मीटरच्या आत कायमस्वरूपी बांधकाम. बोटीचा धक्का तेवढा चालतो.

हे ५० मीटर लोक कोणत्याही डबक्याला लावतात. ते फक्त अधिसूचित आणि रामसर यादीतल्या (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ) जागांना लागू आहे. महाराष्ट्रात रामसर यादीत नांदूरमध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी आहेत. नागपूर जिल्ह्यातलं एकही नाव त्यात नाही.

अधिसूचनेची मागणी सामान्य माणूस करू शकतो का?

मागणीचं निवेदन देऊ शकतो. पुढे प्राधिकरण संक्षिप्त दस्तऐवज तयार करतं, मसुदा प्रसिद्ध होतो आणि ६० दिवस हरकती-सूचना घेतात. मसुदा निघाला की गप्प बसू नका. बाजूने लिहिणाऱ्यांची पत्रंही मोजली जातात, आणि विरोध करणारे तर पत्र लिहितातच.

उपग्रहाच्या नकाशात आमचा तलाव दिसतो. तेवढं पुरेसं आहे का?

मदत होते, पुरेसं नाही. इस्रोच्या नकाशावर आधारित २,०१,५०३ पाणथळ जागांना नियमांतल्या तत्त्वांप्रमाणे संरक्षण द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२१ च्या नकाशात हा आकडा २,३१,१९५ झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी आणि सीमांकन करायला तीन महिन्यांची मुदत दिली. तुमच्या तलावाची पडताळणी झाली का आणि त्याची हद्द कुठे आखली, हे माहिती अधिकारात मागण्यासारखं आहे.

ही मोजणी सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांची आहे, म्हणजे साधारण साडेपाच एकर. त्याहून लहान बोड्या त्यात सापडायच्या नाहीत, आणि सगळ्यात आधी बुजतात त्याच.

एक सोय नागपूरकरांच्या उशाशीच आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात आहे. शिवाय गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे-पुढे करून पाहता येतात. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही चित्रं एकाच महिन्यातली घ्या. ऑक्टोबरचा भरलेला तलाव आणि मेमधला आटलेला तलाव शेजारी लावून ‘बुजवला’ म्हटलं तर समोरचा अधिकारी तिथेच फाइल मिटतो.

तलाव बुजवला जातोय हे लवकर कसं ओळखायचं?

तलाव एका रात्रीत बुजत नाही. त्याचा एक ठरलेला क्रम असतो आणि तो ओळखता आला पाहिजे.

आधी काठावर मलबा येतो : फुटक्या टाइल्स, जुन्या स्लॅबचे तुकडे, संडासाचं फुटकं भांडं. घर पाडलेल्या कुणीतरी टाकला असेल म्हणून कुणी बोलत नाही. ढिगांवर बेशरम उगवते, गवत येतं आणि एका पावसाळ्यानंतर ती जमीन जुनी वाटायला लागते. मग उन्हाळ्यात, पाणी मागे सरकलेलं असताना, मुरुमाच्या खेपा येतात आणि त्यावर रोलर फिरतो. इथवर आलं म्हणजे कुणीतरी ठरवून करतंय, असं समजा. त्यानंतर चार बल्ल्या आणि टिनाचं शेड. कधी शेडमध्ये म्हशी, कधी टायरचं दुकान, कधी झेंडा लावून शेंदूर फासलेला दगड. पुढे विजेचं मीटर, मग मालमत्ता कराची पावती. शेवटी तारेचं कुंपण आणि ‘प्लॉट विकणे आहे’चा फलक.

वीजबिल आणि कराची पावती मालकी सिद्ध करत नाहीत. पण ‘आम्ही इतकी वर्षं इथे आहोत’ म्हणायला कामी येतात आणि गुंठेवारीत नियमित करून घ्यायची धडपड तिथूनच सुरू होते. म्हणून मलब्याच्या टप्प्यावर केलेली तक्रार आणि शेडच्या टप्प्यावरची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मलबा उचलायला एक जेसीबी पुरतो. शेड काढायला नोटीस, सुनावणी, पोलीस बंदोबस्त आणि नशीब लागतं.

आणखी एक खूण म्हणजे येव्याचं तोंड. तलावात पाणी आणणारा नाला आधी वळवतात किंवा अरुंद पाइपात घालतात. तलावाला हात न लावता तलाव मरतो आणि तीन वर्षांनी म्हणतात, ‘इथे तर पाणी राहतच नाही.’ काठाइतकंच लक्ष येव्यावर आणि सांडव्यावर (जास्तीचं पाणी बाहेर पडतं तिथे) ठेवा.

आत्ता, या क्षणी ट्रक रिकामे होत आहेत. काय करू?

एकट्याने ट्रक अडवायला जाऊ नका. दुरून, स्थान आणि वेळ उमटेल असे फोटो घ्या : गाडीचा क्रमांक, ओतलेला माल, आणि मागे ओळखू येईल असं काहीतरी, पाण्याची टाकी किंवा देवळाचा कळस. पोलिसांना फोन करा. शहरात महापालिकेचं उपद्रव शोध पथक उघड्यावर मलबा टाकणाऱ्यांवर दंड करतं, त्यांना आणि झोन कार्यालयाला कळवा. शहराबाहेर तलाठी आणि तहसीलदार. मुरुमाचा वाहतूक परवाना आहे का, हे तहसीलदारच विचारू शकतो आणि नसेल तर गाडी अडकवून ठेवू शकतो.

दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्यायचाच. फोनवरची तक्रार कुठेच शिल्लक राहत नाही.

अर्जात काय लिहावं?

एक पान पुरे. मौजा, खसरा, काय घडलं, कोणत्या तारखेला, काय करावं अशी मागणी आणि कोणत्या अधिकारात. पर्यावरणाचं महत्त्व सांगणारे दोन परिच्छेद लिहू नका. वाचणाऱ्याला ते पाठ असतात. मागणी मोजता येईल अशी हवी. ‘कारवाई करावी’पेक्षा ‘खसरा अमुकची मोजणी करून हद्दीचे दगड लावावेत आणि भराव काढावा’ हे चांगलं.

मूळ अर्ज जमिनीच्या मालकाला, प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार आणि विषयानुसार प्रदूषण मंडळ किंवा नगररचना विभागाला. प्रत्येकाच्या प्रतीवर त्याच्या वाट्याचं एक वाक्य वेगळं लिहा. नुसतंच ‘माहितीसाठी’ लिहिलेली प्रत माहिती म्हणूनच ठेवली जाते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अंबाझरीच्या पुराचा या सगळ्याशी काय संबंध?

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या मधल्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी सांडव्यावरून ओसंडला आणि पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांत शिरलं; खाली मोरभवनच्या बसस्थानकापर्यंत हाहाकार झाला. माणसं दगावली. त्यानंतर रहिवासी उच्च न्यायालयात गेले, विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली आणि सांडव्यासमोरची बांधकामं, नाग नदीची रुंदी, जुन्या पाळीची मजबुती हे विषय पहिल्यांदाच घराघरांत बोलले गेले.

तलाव म्हणजे पाणी साठवण्याची जागा आणि जास्तीचं पाणी सोडण्याची वाट, दोन्ही मिळून. आपण साठ्याकडे पाहतो, फोटोही त्याचेच काढतो. ज्या वाटेने पाणी बाहेर पडायचं तिथे रस्ता, पूल, पुतळा, बाग काहीही येतं तेव्हा कुणाला तो तलावाचा प्रश्न वाटत नाही. नकाशावर तलाव पाहताना सांडव्यापासून नाल्यापर्यंतचा पट्टाही पाहा.

तलावाकाठी प्लॉट घेतोय. आधी काय तपासू?

नगररचना विभागातून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. मौजा महापालिकेत, प्रन्यासकडे की महानगर प्राधिकरणाकडे, यावर कार्यालय ठरेल. आरक्षण आहे का पाहा. नदी-नाला जवळ असेल तर पूररेषा पाहा : निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. विकणारा ‘आरएल (प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर) मिळून जाईल’ म्हणत असेल तर मिळाल्यावर या, असं सांगा. आणि जागा भर पावसाळ्यात, पाऊस सुरू असताना पाहून या. मार्चमध्ये सगळेच प्लॉट कोरडे असतात.

माझ्या स्वतःच्या शेतात बोडी आहे. ती बुजवू शकतो का?

नोंदीवर अवलंबून आहे. पोटखराब ब असेल, निस्तार पत्रकात तिचा उल्लेख असेल किंवा तिच्यातून वरच्या शेताचं पाणी खाली जात असेल, तर ‘माझी जमीन, माझी मर्जी’ चालत नाही. शेततळं म्हणून तुम्हीच खोदलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तलाठ्याला तोंडी विचारून निर्धास्त होऊ नका.

मामा तलाव कुणाचे?

माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. मालगुजारी (इथली जमीनदारी) १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारकडे आले. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ते हजारोंनी आहेत. पाळ, सांडवा, पाट यांची रचना इतकी मुरलेली की दुरुस्ती न होताही कित्येक अजून पाणी देतात. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे. पाळ खचली, दार गंजलं, तलावाच्या पोटात धान लावला, तर पहिला अर्ज जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे आणि प्रत तहसीलदारांना. पाणी उतरलं की पोटात शेती करायची जुनी चाल आहे. ती वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. पाणी चढू नये म्हणून सांडवा फोडला जातो, तिथे ती गुन्हा होते.

झुडपी जंगलाचं आता काय?

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांमधल्या झुडपी (खुरट्या रानाच्या) जमिनी वनच समजायच्या. वादात ८६,४०९ हेक्टर होते. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी केंद्राची मान्यता घेऊन नियमित करायची वाट ठेवली, म्हणून जुनी घरं, शाळा, स्मशानं यांना धास्ती नको. मात्र २५ ऑक्टोबर १९८० नंतर व्यावसायिक कामाला दिलेल्या जमिनी अतिक्रमण समजून, विशेष पथकं नेमून दोन वर्षांत मोकळ्या करायला सांगितलं. तीन हेक्टरपेक्षा लहान, सुटे तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करायचे आहेत.

याचा तलावाशी थेट संबंध आहे. कितीतरी बोड्यांचं पाणलोट म्हणजे हेच खुरटं रान, ज्याला लोक पडीक म्हणतात. तुमच्या बोडीच्या वरच्या बाजूचा खसरा झुडपी नोंदीत आहे का, ते पाहून ठेवा.

जिल्ह्यात मोगरकसा आणि मुनिया ही संवर्धन राखीव क्षेत्रंही आहेत, वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-अ खालची. तिथे गावकऱ्यांचे नेहमीचे हक्क राहतात. अभयारण्यासारखी बंदी नाही.

पाणी हिरवं झालंय, मासे मेलेत. बाटलीत नमुना घेऊन ठेवू का?

स्वतःच्या माहितीसाठी घ्या, पण कोर्टात तो चालणार नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने पद्धतशीर घेतलेला नमुनाच पुरावा ठरतो. म्हणून लगेच कळवा आणि अधिकारी नमुना घेतो तेव्हा हजर राहा. मासे बहुतेक पहाटे मरतात, कारण रात्रभरात पाण्यातला प्राणवायू संपत येतो. दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना पुष्कळदा ‘ठीक’ निघतो. सकाळी लवकर येण्याचा आग्रह अर्जातच लिहा.

सांडपाण्याची नळी कुठून येते ते शोधणं जास्त महत्त्वाचं. ले-आउटची गडर लाइन (मैल्याची गटार) पावसाळी नालीला जोडलेली असते आणि नाली तलावात. शहराचं मैलं पाणी नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेत, गोसीखुर्दपर्यंत जातं, त्यामुळे हा प्रश्न फक्त काठावरच्या वासाचा नाही.

गणपती, देवी तलावात विसर्जित करता येतात का?

शहरातल्या तलावांत महापालिकेची मनाई आहे. कृत्रिम टाके आणि निर्माल्य कलश ठेवलेले असतात, तिथे जा.

सौंदर्यीकरण झालं तर तलाव वाचतो ना?

कधीकधी. दिवे आणि रस्ता आला की मलबा टाकणारा बिचकतो, हे खरं. पण काठाला चहूबाजूंनी उभी काँक्रीटची भिंत आली की उथळ काठ जातो. पाणकावळा भिंतीवर बसेल. चिखलात चरणारे तुतवार आणि पाणवनस्पतींवर चालणारे कमळपक्षी मात्र निघून जातात. भिंत कधीकधी तलावाची खरी हद्द आतही सरकवते आणि भिंतीबाहेरचा तुकडा हळूच मोकळा होतो. निविदा निघायच्या आधी मोजणी करून हद्द नक्की करा, एवढी एक मागणी सगळ्यांनी लावून धरावी.

गाळ काढणं चांगलंच असतं का?

गाळ काढा, तळ खोदू नका. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत शेतकऱ्याला काळा गाळ मिळतो, ते उत्तम. गाळाच्या नावाखाली पिवळा मुरूम बाहेर जाताना दिसला की समजा काम बिघडलं : तळाची पाणी धरणारी चिकण फुटते आणि दिवाळीतच तलाव आटतो.

दंड किती होतो?

पर्यावरण कायद्याखाली एप्रिल २०२४ पासून तुरुंगवासाऐवजी १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत दंड आहे. जमिनीचा भाव पाहता मोठ्या बिल्डरला हा आकडा टोचत नाही. म्हणून दंडापेक्षा ‘जागा पूर्ववत करा’ ही मागणी धरा.

माहिती अधिकारात काय मागावं?

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्दांच्या आत. ‘का कारवाई केली नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. मोजणी नकाशाची प्रत, अर्जावरच्या टिपण्या, दिलेल्या परवानग्या मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

हरित न्यायाधिकरण की उच्च न्यायालय?

न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि भरपाईची मागणी नसेल तर शुल्क १,००० रुपये. पण घटना पहिल्यांदा घडली तेव्हापासून सहा महिन्यांची मुदत आहे, पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. खात्यांकडे हेलपाटे घालण्यात ती मुदत निघून जाते, हे फार वेळा होतं. जमिनीची मालकी, आरक्षण बदल, अधिकाऱ्यांची निष्क्रियता असे प्रश्न असतील तर नागपूर खंडपीठ जवळचं.

माझं नाव बाहेर येईल का?

माहिती अधिकार अर्जात आणि याचिकेत नाव लागतंच. मलबा किंवा मुरुमाची खबर द्यायला नाव सांगायची सक्ती नाही. लेखी अर्जासाठी सोसायटीचं किंवा ज्येष्ठ नागरिक मंडळाचं लेटरहेड वापरा आणि सह्या किमान चार वेगवेगळ्या घरांतल्या घ्या. तुमचा प्लॉट धमकी देणाऱ्याच्या घरालाच लागून असेल, तर पहिली सही तुमची नसली तरी चालेल.